काकींच्या कपाळावरचा पराग

आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेमागे काचेची एक बोटभर बाटली होती. तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत नलिनीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘खायचं नाही.’ ही सूचना माझ्यासाठी होती. घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि तिनं प्रयोगासाठी बनवून ठेवलेली शेवाळाची जेली मी एकदा खीर समजून, वर वेलची घालून खाल्ली होती.

नलिनी माझी बायको. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. मी ग्रंथपाल. तिला झाडं कळायची आणि मला झाडांवरची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत ते कळायचं. चौतीस वर्षं या वाटणीवर आमचं बरं चाललं. माघात ती गेली. त्यानंतर मी बाटलीला हात लावला नाही. तिचा फोन मात्र रोज चार्ज करत राहिलो. का, ते मला सांगता येणार नाही.

आषाढात त्या फोनवर एक फोटो आला. पाठवणाऱ्याचं नाव तिनं ‘युसूफभाई महाड सायकस’ असं नोंदवून ठेवलं होतं. फोटोत झावळ्यांच्या मधोमध तपकिरी लोकरीच्या कोबीसारखं काहीतरी होतं आणि खाली मजकूर होता, ‘बाई, उघडायला लागलंय. आठ दिवस राहील. नवरदेवाला घेऊन या.’

नवरदेव म्हणजे मी नव्हे, हे समजायला मला तिची डायरी वाचावी लागली. सायकस म्हणजे बंगल्याच्या फाटकाशी लावतात ते, ताडाच्या लहान भावासारखं दिसणारं झाड. त्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. मागच्या वर्षी माहेरी जाताना नलिनीला महाडात एका फाटकाशी मादी दिसली होती. दर दोन-तीन वर्षांनी ती उमलायची आणि वाया जायची, कारण पंचक्रोशीत नर नव्हता. कॉलेजच्या आवारात होता. त्याच्या कणसातली पिवळी पूड, म्हणजे पराग, तिनं बाटलीत भरून ठेवली होती. पुढे हिवाळ्यात वाहनतळासाठी तो नर तोडला गेला. आता बाटलीत होतं तेवढंच.

युसूफभाईंना ‘बाई आता नाहीत’ असं लिहायला घेतलं. तीनदा खोडलं. शेवटी नुसतं ‘येतो’ असं लिहून पाठवलं.

आंबेनळी घाट

आषाढात वरंधा घाट उघडा असेल याचा भरवसा नसतो, म्हणून पुण्याहून एसटीनं महाबळेश्वरवरून आंबेनळीनं उतरलो. मांडीवर थर्मास, थर्मासात बर्फ, बर्फात पिशवी आणि पिशवीत बाटली. शेजारचे गृहस्थ बराच वेळ थर्मासकडे पाहत होते.

“काका, चहा हाय का त्यात?”

“बर्फ आहे.”

त्यांनी खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं, मग माझ्या मफलरकडे. “बरोबर हाय,” असं म्हणून ते पुढच्या थांब्याला मागच्या सीटवर जाऊन बसले.

मी वही उघडली. ‘वनस्पतींचे मुख्य गट’ हा धडा नलिनी अकरावीला दरवर्षी शिकवायची, त्याची ही वही. समासात पेन्सिलीनं स्वतःसाठी सूचना. शेवाळाच्या पुनरुत्पादनापाशी लिहिलं होतं, ‘इथे मुलं हसतात. हसू द्यावं.’ नेच्यापाशी, ‘इथे मागच्या बाकावरून प्रश्न येतो. उत्तर द्यावं.’ सायकसपाशी, ‘इथे कोणी हसत नाही, कारण तोवर तास संपलेला असतो.’

वही पाण्यातून सुरू होते आणि हळूहळू कोरड्यावर येते. आधी शेवाळ, ते पाण्यातच जगतं. मग मॉस, भिंतीवरची हिरवी मखमल. ती जमिनीवर आली खरी, पण मॉसच्या नरपेशीला मादीपर्यंत पोहूनच जावं लागतं. त्यासाठी निदान एक थेंब पाणी हवं. मी बाहेर पाहिलं. घाटाची सगळी दरड हिरवीगार होती आणि वरून आडवातिडवा पाऊस कोसळत होता. त्या दिवशी आंबेनळीत कुठल्याही मॉसचं लग्न पाण्यावाचून अडलं नसावं.

वाडीवर

नलिनीचं माहेर म्हणजे पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेली वीसेक घरांची वाडी. तिचे आईवडील नाहीत. घरात तिची चुलती असते, वय ब्याऐंशी, आणि चुलतीची सून पार्वती वहिनी. वहिनींचे यजमान डोंबिवलीला कामाला, ते गणपतीला येतात. वाडीवर एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी महाड गाठायचं, असा माझा बेत होता. नलिनी गेल्यावर मी इकडे पहिल्यांदाच येत होतो आणि काय बोलायचं याची बसमध्ये तालीम केली होती.

ती वाया गेली. काकी म्हणाल्या, “पाय धुवा, जावयबापू.” मग पाणी, मग चहा, मग तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची भाजी. पुण्यात भेटायला येणारे आधी नलिनीबद्दल बोलत आणि मग मला चहा करायचं सुधरत नसे. इथे आधी पोटात घालतात. सगळं खाऊन झाल्यावर काकींनी विचारलं, “लई तरास झाला का तिला?” मी म्हटलं, “फार नाही.” त्या म्हणाल्या, “बरं झालं,” आणि आम्ही दोघं पागोळ्यांकडे बघत बसलो. माझ्या तालमीत याहून जास्त वाक्यं होती. पण कमी पडलं असं वाटलं नाही.

मग मी थर्मास उघडला. बर्फाच्या पाण्यानं बाटलीवरची चिठ्ठी निघून गेली होती.

“वहिनी, ही बाटली फ्रीजात ठेवाल? नलूची आहे. जपून.”

वहिनींनी ती दोन्ही हातांनी घेतली. घेताना डोक्यावरचा पदर सारखा केला. ते मला दिसलं होतं. त्याचा अर्थ लावला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

दुपारी पाऊस उघडला तसा मी वही घेऊन बाहेर पडलो. शेताच्या कडेला साचलेल्या पाण्यात हिरवे तंतू तरंगत होते. वहीनुसार हे शेवाळ, आणि त्यात दोन तंतू शेजारी शेजारी पडून मध्ये शिडीसारख्या नळ्या तयार करतात. मग एकातला ऐवज त्या नळ्यांतून दुसऱ्यात जातो. मी उकिडवा बसून पाण्याकडे एकटक बघत राहिलो. डोळ्यांना अर्थातच काही दिसलं नाही. बांधावरून जाणाऱ्या एका बाईंनी विचारलं, “काय पडलंय काय तुमचं?” मी म्हटलं, “नाही, बघतोय.” त्या पुढे गेल्या आणि दोन मिनिटांत मागे फिरून त्याही माझ्याशेजारी बसून बघायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “कायच नाय.” मी म्हटलं, “नाही ना.”

नेचे मात्र भरपूर होते. वहीत लिहिलं होतं, ‘नेच्याची पानं गोळा करणे.’ मी पानं पालथी करून, नीट तपासून, स्वच्छ पानं तेवढी घेतली. ज्यांच्या मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा होत्या ती किडलेली समजून फेकून दिली. ग्रंथालयात वाळवी लागलेली पुस्तकं वेगळी काढायची सवय, तिचा हा परिणाम.

काकी ओटीवर बसून हे पाहत होत्या. “कवळी ठेवलीत आन् लेकुरवाळी टाकलीत.”

“कशी?”

“ठिपकं म्हंजे बी हाय त्याची. नलू मला दाखवायची, भिंगातनं.”

वही पाहिली. काकी बरोबर होत्या. ठिपक्यांत बीजाणू असतात. ते पडतात, त्यातून नखाएवढं हिरवं बदामाच्या आकाराचं पान उगवतं, त्याच्यावर नर आणि मादी दोन्ही तयार होतात, आणि तिथेही पुन्हा पोहायला पाण्याचा थेंब लागतोच. मी अंगणात जाऊन फेकलेली पानं गोळा करून आणली. त्यात एक चांदीचा नेचा निघाला. काकींनी तो माझ्या मनगटावर पालथा ठेवून चापट मारली, आणि मनगटावर पांढरं पान उमटलं. “शाळेतल्या सगळ्या पोरांच्या हातावर उठवायची,” त्या म्हणाल्या. “मास्तरच्या पाठीवर पन.”

संध्याकाळच्या जेवणात अळंब्यांची भाजी होती. आषाढात वारुळापाशी उगवणारी ही छत्र्यांची भाजी पुण्यात मिळत नाही, आणि मिळाली तरी तिला ही चव नसते. दोनदा घेतली. खूश होऊन मी वहीतली एक गोष्ट सांगितली. सांगायला नको होती.

“गंमत म्हणजे अळंबी ही वनस्पती नाही.”

काकींचा चातुर्मास सुरू होता. त्यांचा घास तोंडातच थांबला. “मंग काय हाय? मटण?”

“नाही, प्राणीही नाही.”

“भाजी नाय, मटण नाय, तर माझ्या तोंडात काय हाय?”

“तिसराच गट आहे तो. कवक म्हणतात.”

“तो चातुर्मासाला चालतो का?”

वही याबाबत गप्प होती. काकींनी थोडा विचार केला, घास गिळला आणि म्हणाल्या, “भटाला पन ठाऊक नसंल. वाढ गो, पारू.”

दुसरा दिवस, सकाळ

सकाळी उठून ओटीवर आलो तर शेजारचे एक गृहस्थ पिवळं कपाळ घेऊन चालले होते. त्यांच्यामागे त्यांची बायको, पिवळं कपाळ. अंगणात पॉवर टिलर उभा होता आणि त्याच्या पुढच्या पत्र्यावर तीन पिवळी बोटं ओढलेली होती. वाडीच्या लावणीचा तो पहिला दिवस होता. सगळे मिळून एकेकाचं शेत लावत जातात आणि यंदा सुरुवात वहिनींच्या शेतापासून होती.

“भावजी, तुम्हाला पन लावायचा व्हता,” वहिनी आतून म्हणाल्या. “पन सरला. बोटाला पन येत नाय.”

“काय लावायचं होतं?”

“भंडारा की. नलूताईंचा.”

मी फ्रीज उघडला. बाटली नव्हती.

वहिनींचा हिशेब साधा होता. मी पुण्याकडून आलो. जेजुरी पुण्याकडेच. बाटलीत पिवळी पूड. मी म्हटलं होतं, नलूची आहे, जपून ठेवा. खंडोबाचा भंडारा सोडून माणूस दुसरी कुठली पिवळी पूड इतक्या लांबून मांडीवर घेऊन येईल? लावणीच्या आदल्या दिवशी आपल्या माणसाचा भंडारा घरी यावा, हा त्यांना शुभशकुन वाटला. त्यांनी पहाटे देवापुढे चिमूट वाहिली, आणि उरलेला नऊ माणसांना, दोन बैलांना आणि एका पॉवर टिलरला लावला.

“आणि बाटली?”

“घासून ठेवलीय. खोबरेल भरून देते, डोकं लई कोरडं दिसतंय तुमचं.”

मी पायरीवर बसलो. देवापुढची चिमूट हळदीकुंकवात मिसळून गेली होती. माणसं, बैल आणि टिलर शेतावर पोचले होते आणि पाऊस धो धो सुरू झाला होता. मी छत्री घेऊन बांधापर्यंत गेलोसुद्धा. आठ माणसं वाकून रोपं लावत होती, त्यांच्या कपाळावरून पिवळं पाणी नाकावर आणि नाकावरून खाचरात पडत होतं. एका महाविद्यालयाचा अखेरचा नर पोलादपूर तालुक्यातल्या भाताला चालला होता. भात स्वतःचं स्वतः उरकतो. त्याला याची काही गरज नव्हती.

परत येऊन मी वहिनींना खरं सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या. “नलूताईंचं शेवटचं व्हतं ते, आन् मी टिलरला फासलं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, “टिलरला चांगलं दिसत होतं,” आणि ते बोलून झाल्यावर लक्षात आलं की हे सांत्वन नव्हे.

तेवढ्यात काकींनी दारात येऊन हाक मारली, चहाचं काय झालं म्हणून. त्या गुडघ्यामुळे दोन वर्षं अंगणाच्या पुढे गेल्या नव्हत्या. शेतावर गेल्या नव्हत्या. पावसात गेल्या नव्हत्या. आणि त्यांच्या रुंद कपाळावर, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत, जाड पिवळा पट्टा होता.

वहिनी आणि मी एकदमच उभे राहिलो.

“काकी, तुमच्या कपाळावरची पूड मला परत हवी आहे.”

“देवाचं लावलेलं पुसत नाय.”

“देवाचं नाही ते. झाडाचं आहे. महाडात एक मादी झाड आहे, तिच्यासाठी हे नराचं,” इथे मी थांबलो. सदतीस वर्षांच्या नोकरीत असलं वाक्य पुरं करायची वेळ आली नव्हती.

काकींनी डोळे वर करून स्वतःचं कपाळ दिसतं का ते पाहिलं. “म्हंजे पारू, तू माझ्या कपाळाला नवरा फासलास गो?”

“मला काय ठाव, आई.”

“आमचं म्हातारं जाऊन एकवीस वर्षं झाली. आता कोण धाडतंय, तर नलू.” आणि काकी हसायला लागल्या. हसताना कपाळाला आठ्या पडल्या आणि आठ्यांतून थोडी पूड पदरावर सांडली.

“हसू नका,” मी आणि वहिनी एका सुरात म्हणालो. त्यानं त्या आणखी हसल्या.

मी रंगाच्या मऊ ब्रशनं कोपऱ्यातली थोडी पूड कागदावर उतरवून घेतली. पंख्यानं ती कागदासकट नेली. काकी म्हणाल्या, “काढाल तितकं जाईल. हाय तिथं राहू दे. मीच येते महाडला.”

“तुमचा गुडघा?”

“ते काय गुडघ्याला फासलंय का? कपाळाला हाय ना?”

महाडची वाट

महामार्गापर्यंत टेम्पो आणि पुढे मिनीडोर, म्हणजे इकडची सहा आसनी रिक्षा. प्रवासाचे नियम वहिनींनी ठरवले. कपाळाला वारा लागायचा नाही, थेंब लागायचा नाही, घाम यायचा नाही, खाजवायचं नाही. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण काकींच्या कपाळावर अलगद धरलं आणि वरून रुमाल बांधला. डाव्या बाजूला वहिनी छत्री घेऊन, उजव्या बाजूला मी वहीनं वारा अडवत.

मिनीडोरवाल्यानं आरशातून पाहिलं. “आजीला लागलं काय? दवाखान्यापाशी घेऊ?”

“लग्नाला चाललोय,” काकी म्हणाल्या.

“कुणाच्या?”

“वराकडनं हाव आमी.”

“आषाढात लग्न?”

“अडलंय तिचं. सात-आठ वर्षं थांबलीय.”

त्यानं सहानुभूतीनं मान हलवली आणि पुढचे सगळे खड्डे इतक्या हळू घेतले की मागून येणारे ट्रक भोंगे वाजवायला लागले. एकदा काकींना शिंक आली. त्या ती बराच वेळ नाकात धरून बसल्या. मग गिळल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, “गेली.” वाटेत मी वही वाचून दाखवली. मॉसला, नेच्याला पाणी लागतं, पण सायकसनं बाहेरच्या पाण्याची गरज संपवली. पराग वाऱ्यावर येतो आणि उघड्या बीजांडावर बसतो. बीजांड उघडं, म्हणून या गटाला अनावृत्तबीजी म्हणतात. पुढची सगळी फुलंफळंवाली झाडं बीज झाकून ठेवतात.

“वाऱ्यावर येतो,” काकी म्हणाल्या. “आन् आपण मिनीडोरनं नेतोय.”

महाड

युसूफभाई अडुसष्टचे, उंच, पांढरी दाढी. आयुष्याची सव्वीस वर्षं मस्कतकडे खजुराच्या बागेत काढून परत आलेले. बंगल्याच्या भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला पुराच्या पाण्याची रेघ होती. “झाड त्यात दोन दिवस बुडून होतं,” त्यांनी सांगितलं. “काही झालं नाही. खजुरासारखं दिसतं म्हणून आणलं होतं मी, आठवण म्हणून. बाईंनी सांगितलं, हे खजुराच्या कितीतरी आधीचं.” मग त्यांनी माझ्या मागे पाहिलं. काकी दिसल्या, वहिनी दिसल्या. “बाई मागून येतायत?”

मी नुसती मान हलवली. त्यांना कळलं. त्यांनी ओठांतल्या ओठांत त्यांच्या पद्धतीचं काही म्हटलं, आणि बराच वेळ फाटकाची कडी लावत उघडत राहिले.

“मग नवरदेव?”

वहिनींनी काकींच्या डोक्याचा रुमाल सोडला.

युसूफभाईंनी बारकाईनं कपाळ पाहिलं. काय झालं ते मी सांगितलं, टिलरसकट. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, “आम्ही पराग पगडीत बांधून झाडावर चढायचो. डोक्यावरून नेण्यात चूक काही नाही.”

खजुरातही नर वेगळा आणि मादी वेगळी. तिथे वाऱ्यावर कोणी विसंबून राहत नाही. नराच्या तुऱ्याच्या काड्या माणूस मादीच्या घोसात खोवतो आणि वरून सैल दोरी बांधतो. हे काम युसूफभाईंनी हजारदा केलेलं. त्यांनी आतून दाढीचा नवा, कोरडा ब्रश आणला आणि चाचपून पाहिला. झाडाचं खोड कमरेएवढं होतं. झावळ्यांच्या मध्ये तो लोकरीचा कोबी आता सैल झाला होता. पिसांसारखी तपकिरी पानं एकमेकांपासून सुटली होती आणि त्यांच्या कडांना शेंगदाण्याएवढी लोकरी बीजांडं होती. उघडी. वहीतलं चित्र मी चौतीस वर्षं आमच्या टेबलावर उलटं बघत आलो होतो. सुलटं त्या दिवशी पाहिलं.

“वारा अडवायला काहीतरी धरा,” युसूफभाई म्हणाले. वहिनींनी टॉवेलचं एक टोक धरलं, मी दुसरं.

“अंतरपाट झाला,” काकी म्हणाल्या.

“हात थरथरू देऊ नका. आजी, डोकं इकडे. अजून. डोळे मिटा.”

काकी गुडघा धरून झाडावर ओणवल्या. युसूफभाईंनी बिस्मिल्ला म्हणून ब्रश कपाळावर टेकवला.

“गुदगुल्या होतात रे.”

“हलू नका आजी, एवढाच आहे.”

पिवळी पूड अगदी थोडी, उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसावी इतकी, खाली पडली. डावीकडच्या पानांवर जरा बरी, मधे अगदीच थोडी, उजवीकडे जवळजवळ नाहीच. उजवीकडचं कपाळ मिनीडोरच्या घामात चिकट झालं होतं. मग बोटानं, ब्रशच्या देठानं, जे निघालं ते युसूफभाईंनी बीजांडांच्या टोकांना एकेक करून लावलं. अर्धा तास लागला. शेवटी काकींचं कपाळ स्वच्छ झालं. त्यांनी ते चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, “गेला म्हंजे.”

वहीत पुढे लिहिलं होतं की पराग पडला म्हणजे झालं नाही. तो बीजांडाच्या आत महिनोन् महिने रुजत राहतो आणि मग त्यातून शेपट्यांची नरपेशी बाहेर येऊन पोहत जाते. इतकी प्रगती करूनही सायकस पोहणं विसरलेला नाही. पाणी बाहेरचं लागू नये, म्हणून ते त्यानं बीजाच्या आत ठेवलं. जमलं की नाही ते हिवाळ्यात कळणार होतं.

मग युसूफभाईंच्या बायकोनं आम्हाला जेवायला वाढलं. काकींच्या चातुर्मासाचं कळल्यावर त्यांनी वालाचं बिरडं, भात, कैरीचं लोणचं आणि खजूर असं पान केलं. वहीतला शेवटचा गट, फुलं येणारी, बी झाकून ठेवणारी झाडं. तो आम्ही अभ्यासला नाही. तो आम्ही जेवलो.

पौषात पुन्हा महाड

मधल्या काळात फोनवर फोटो येत राहिले. आता माझ्या फोनवर. बीजं फुगली, केशरी झाली. मी हुरळून गेलो होतो. पण नलिनीच्या डायरीत लिहिलेलं होतं, ‘फुगली म्हणजे फळली नव्हे. पराग न मिळालेलीही फुगतात, आतून पोकळ. पाण्यात टाकून पाहावं. तरंगलं ते रिकामं, बुडालं ते भरलेलं.’ हे मी कोणाला कळवलं नाही. चार दिवस मनात ठेवलं आणि मग महाडला गेलो.

वाडीवरून वहिनी आणि काकी आल्या होत्या. अंगणात पाण्याची बादली भरून ठेवली. मी काय बघायचं ते सांगितलं. युसूफभाईंनी केशरी साल सोलून बीजं पंच्यात ठेवली होती, एकवीस. त्यांनी पहिलं सोडलं. ते बादलीत गेलं आणि चेंडूसारखं वर आलं. दुसरं वर आलं. तिसरं, चौथं. पाचवं टाकताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेही वर आलं.

“उजवीकडची असतील ही,” वहिनी म्हणाल्या.

“उजवीकडचीच आहेत,” युसूफभाई म्हणाले. पण त्यांनी डावी-उजवी वेगळी ठेवलेली नव्हती, हे मला दिसत होतं.

अकरा तरंगली. बारावं तरंगलं. बादलीत केशरी डाग लागलेली बीजं गोल फिरत होती आणि मी मनात शब्द जुळवत होतो, की निदान प्रयत्न केला, की तिला कळलं असतं तर तीही हसली असती. तेरावं टाकलं. ते पाण्यात गेलं आणि आलं नाही.

आम्ही चौघांनी बादलीत डोकी घातली. ते तळाशी बसलं होतं.

“बुडलं,” काकी म्हणाल्या.

महाडात काही बुडालं म्हणून लोकांना आनंद झाला असेल, तर ती पहिलीच वेळ. युसूफभाईंची बायको आतून धावत आली. एकवीसपैकी तीन बुडाली. मी हात घालून ती बाहेर काढली आणि बराच वेळ मुठीत धरून उभा राहिलो. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. शेवटी वहिनींनी टॉवेल दिला, तोंडासाठी की हातासाठी ते त्यांनी सांगितलं नाही.

एक युसूफभाईंचं, एक वाडीचं, एक माझं, असं ठरलं. तिथल्या तिथेच कुंड्या भरल्या. काकींनी आपलं बीज निम्मं मातीत, निम्मं वर, असं युसूफभाई सांगतील तसं रोवलं आणि हात झटकले.

“पोरगा हाय का पोरगी?”

“ते आत्ता कळत नाही,” मी म्हणालो. “पहिल्यांदा उमलेल तेव्हाच कळतं. पंधरा वर्षं लागतात. कधी वीस.”

युसूफभाईंनी मनातल्या मनात काही बेरीज केली. मीही केली. दोघांनीही ती बोलून दाखवली नाही.

काकींनी कुंडी उचलून मांडीवर घेतली. “थांबू की,” त्या म्हणाल्या. “घाई कुणाला हाय.”